पात्र

"एटीजी आहे ना तुमचं?"

"हो काका, आहे ना. पावतीवर छापलंय बघा."

नाशकात वर्षभर, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर घरोघरी, ही दोन वाक्यं बोलली जातात. विचारणारा चेकबुक काढतो, सांगणारा पावतीपुस्तक उघडतो आणि विषय तिथेच मिटतो. पावतीवर खरंच छापलेलं असतं. संस्थेच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक लांबलचक क्रमांक आणि पुढे 'देणगी ८०जी अन्वये करसवलतीस पात्र'. बोलण्यातलं 'एटीजी' म्हणजे आयकर कायद्याचं हेच कलम ८०जी. तो क्रमांक कधीचा, कुणी दिलेला, आज चालतो का, हे पुढचं कुणी विचारत नाही. चांगल्या कामाला पैसे देताना कागद मागायचे म्हणजे समोरच्यावर संशय घेतल्यासारखं दिसेल, असं वाटून आपण गप्प बसतो.

हा संकोच मला अनाठायी वाटतो. आपल्याकडे नुसत्या दानापेक्षा सत्पात्री दानाचं कौतुक जास्त, आणि पात्र कोण हे बघायचं काम देणाऱ्याचं. मराठीतला हा शब्दही किती पोटात घेणारा आहे! रामकुंडावर उभं राहिलं की समोर दिसतं ते गोदेचं पात्र, हातातला तांब्या तेही पात्र, आणि ज्याच्या हातावर पाणी सोडायचं तोही पात्र. आयकरवाल्यांनी त्यात आपली भर घातली: करपात्र. आपण एखाद्या संस्थेला पैसे देतो तेव्हा दोन पात्रता एकदम तपासल्या जायला हव्यात. संस्था चांगली आहे का, ही एक. तिला दिलेले पैसे आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात का, ही दुसरी. पहिलीसाठी माणसं भेटावी लागतात, काम बघावं लागतं. दुसरीसाठी दहा मिनिटं आणि एक पीडीएफ पुरते. त्या दहा मिनिटांबद्दल हे लिहितोय.

सुरुवात मात्र संस्थेपासून करू नका, स्वतःपासून करा. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीची वजावट तुम्हाला मिळतच नाही, संस्था कितीही मोठी असो. २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. पगारदाराला रिटर्न भरताना ती निवडता येते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर १०-आयईए हा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच लागत नाही, त्यामुळे आपल्या ओळखीतल्या कितीतरी लोकांच्या दृष्टीनं ८०जीचा प्रश्नच उरलेला नाही. तरीही ते पावतीवरचा क्रमांक बघून देणगी ठरवतात. जुन्या सवयी सुटायला वेळ लागतो.

जुन्या प्रणालीत असणाऱ्यांनी एक हिशेब डोक्यात ठेवावा. समजा घरकर्जाचं व्याज वगैरे जाऊन एकूण उत्पन्न तेरा लाख आहे. त्यातून ८०सीचे (गुंतवणूक, विमा वगैरे) दीड लाख आणि ८०डीचे (आरोग्यविमा) पन्नास हजार गेले, राहिले अकरा लाख. याच्या दहा टक्के, म्हणजे एक लाख दहा हजार, ही तुमची देणगीची मर्यादा. साध्या संस्थेला ११,००० रुपये दिलेत तर त्यातले निम्मे, ५,५०० रुपये, उत्पन्नातून वजा होतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह कर वाचतो १,७१६ रुपये. आणि हौसेनं तीन लाख दिलेत तरी मोजणीत येतात एक लाख दहा हजारच. वजावट त्याच्या निम्मी, ५५,०००. भांडवली नफ्यासारखी काही उत्पन्नं ही मर्यादा काढताना बाजूला ठेवावी लागतात, त्यासाठी तुमच्या सीएला विचारा.

म्हणून पत्रकावर 'देणगीवर १०० टक्के करसवलत' दिसलं की थबका. शंभर टक्के वजावट मिळणाऱ्यांची यादी छोटी आणि बहुतेक सरकारी आहे: पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, राष्ट्रीय संरक्षण निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, स्वच्छ भारत कोष आणि अशाच काही. तुमच्या गल्लीतल्या, तालुक्यातल्या संस्थेला मिळते ती निम्मी आणि मर्यादेसह. काही जुन्या पत्रकांवर अजून '३५एसी' दिसतं. त्या कलमाखालची वजावट ३१ मार्च २०१७ ला संपली. ते छापणारे खोटारडे असतात असं नाही. बहुतेक वेळा पत्रकाचा मजकूर दहा वर्षांपूर्वीचा असतो आणि छापखान्यात तोच पुन्हा चढतो.

आता संस्थेकडे वळू. गोंधळ होतो तो मुख्यतः इथे, कारण संस्थेकडे क्रमांक पुष्कळ असतात आणि प्रत्येक क्रमांक सरकारी असतो.

पहिला क्रमांक धर्मादायचा. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद झाली की तो मिळतो. 'ई'नं सुरू होणारा असेल तर बहुधा धर्मादाय न्यास, 'एफ'नं सुरू होणारा म्हणजे आधी १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था, आणि शेवटी 'नाशिक'. याचा अर्थ एवढाच की संस्था अस्तित्वात आहे आणि तिला हिशेब द्यावा लागतो. कराशी याचा संबंध नाही. दुसरा क्रमांक १२ए किंवा १२एबी. हा आयकर खात्याचाच, आणि फसगत सगळ्यात जास्त याच क्रमांकावर होते. याच्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर लागत नाही. देणगीदाराला त्यातून काही मिळत नाही. तिसरा नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा, चौथा कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठीचा, पाचवा परदेशी देणग्यांसाठीचा एफसीआरए. हे तिन्ही असले तर संस्था कागदोपत्री नीटनेटकी आहे असं समजायला हरकत नाही. पण तुमच्या रिटर्नमध्ये यातला एकही उपयोगाचा नाही.

गणपती-नवरात्रात आणखी एक कागद हिंडतो. मंडळाचे कार्यकर्ते सांगतात, 'धर्मादायची परवानगी आहे'. ती खरी असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क खाली ती काढावी लागते आणि मंडळानं ती काढली याबद्दल त्याचं कौतुकच करावं. पण ती वर्गणी गोळा करण्याची परवानगी आहे, ८०जीची नाही.

आपल्याला हवा तो एकच आदेश: कलम ८०जी, पोटकलम ५ खालची मान्यता. २०२१ पासून सगळ्या संस्थांना ती नव्यानं घ्यावी लागली. त्याआधीचा काळ सोपा होता. २००९ नंतर एकदा मिळालेली ८०जी मान्यता तशीच चालू राहायची, म्हणून लोकांनी तो क्रमांक पावतीपुस्तकांवर, फलकांवर, इमारतीच्या कोनशिलेवरसुद्धा घातला. १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला. जुन्या सगळ्यांनी पुन्हा अर्ज करायचा, नवा क्रमांक घ्यायचा आणि तोही ठरावीक वर्षांपुरता. मुदत कितीदा तरी वाढली. शेवटची ३० जून २०२४ होती. ज्यांनी अर्ज केलाच नाही, त्यांची जुनी मान्यता गेली. छापलेला क्रमांक मात्र राहिला. पावतीवर 'आयकर आयुक्त, नाशिक' असं लिहिलेला, तिरप्या रेघांनी तोडलेला जुना क्रमांक दिसला की तो इतिहासजमा आहे असं समजा आणि नवा मागा.

नवा आदेश दोनपैकी एका फॉर्मवर असतो. १०एसी हा बंगळुरूच्या केंद्रातून निघतो. जुन्या संस्थांना २०२१ च्या फेरीत दिलेला आणि नव्या संस्थांना तात्पुरती मान्यता देणारा, दोन्ही हाच. तात्पुरती तीन वर्षांची, नियमित पाच वर्षांची. १०एडी हा आयकर आयुक्त सखोल छाननी करून देतात. नाशिकच्या संस्थांसाठी ते पुण्यात बसतात, गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात नाही. तात्पुरत्या मान्यतेवरही देणगीदाराला वजावट तेवढीच मिळते, त्यामुळे 'तात्पुरती' या शब्दानं बिचकू नका. फक्त तारीख बघा.

तर कार्यकर्त्याला सरळ म्हणायचं, "दादा, तुमचा ८०जीचा आदेश व्हॉट्सॲपवर पाठवाल का? दहा-एसी किंवा दहा-एडी, जो असेल तो." नीट चालणाऱ्या संस्थेचा खजिनदार हे ऐकून दुखावत नाही. त्याच्या मोबाईलमध्ये ती पीडीएफ असतेच, दोन मिनिटांत येते. 'साहेब गावाला गेलेत', 'सीएकडे आहे', 'मोठ्या लोकांनी कधी मागितला नाही' असं सुरू झालं, तर चेकबुक मिटून ठेवायला हरकत नाही. मागाहून देता येतं.

आता ती पीडीएफ उघडू आणि जवळून बघू. १०एसीमध्ये ओळींना क्रमांक असतात. पहिल्या ओळीत पॅन, दुसरीत नाव आणि खाली पत्ता. पॅनचं चौथं अक्षर बघा. न्यासाचं असतं टी, व्यक्तिसमूहाचं ए, कंपनीचं सी. तिथे पी असेल तर तो एखाद्या माणसाचा पॅन आहे, आणि माणसाला ८०जी मिळत नाही. नाव अक्षर न् अक्षर बघा. ज्या शाळेला, दवाखान्याला, वसतिगृहाला तुम्ही पैसे देताय, ते बहुतेकदा एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेचं किंवा न्यासाचं एक अंग असतं. पॅन आणि ८०जी मूळ संस्थेच्या नावावर असतात. चेक शाळेच्या नावे, पावती शाळेच्या नावे आणि आदेश संस्थेच्या नावे, असं झालं की पुढे ताळमेळ लागत नाही. चेक आणि पावती दोन्ही मूळ संस्थेच्या नावानंच हवीत, शाळेचं नाव तपशिलात.

पाचव्या ओळीत यूआरएन, म्हणजे नवा नोंदणी क्रमांक. तो सोळा अक्षरा-अंकांचा असतो. त्यातली पहिली दहा अक्षरं म्हणजे संस्थेचाच पॅन. मग एक अक्षर, मग वर्ष, मग एक अंक. त्यामुळे पावतीवर छापलेला यूआरएन आणि पावतीवर छापलेला पॅन एकमेकांखाली धरून बघता येतात. पहिली दहा जुळली नाहीत तर एकतर छपाईची चूक आहे किंवा दुसऱ्याच संस्थेचा क्रमांक उसना आणलाय. हे तपासायला इंटरनेटसुद्धा लागत नाही.

सहावी ओळ सगळ्यात महत्त्वाची. १२एचा आदेश आणि ८०जीचा आदेश एकाच फॉर्मवर निघतात. जुळ्या भावंडांसारखे दिसतात: तोच मथळा, तोच पॅन, बहुधा तीच तारीख. फरक कळतो तो या ओळीत. तिथे सुरुवातीला ०१ किंवा ०२ असा आकडा आणि पुढे कलम १२ए असेल, तर तो आपल्या कामाचा नाही. ११ किंवा १२ आणि पुढे कलम ८०जी लिहिलेलं असेल, तर तो आपला. कितीतरी कार्यालयांत या दोन पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावानं ठेवलेल्या असतात, आणि मागणाऱ्याला घाईत भलतीच जाते. त्यामुळे चुकीचा कागद आला म्हणून लगेच फसवणूक समजू नका. पुन्हा मागा.

मग आठवी ओळ: कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत. इथे भलेभले चुकतात. तिथे लिहिलेलं असतं आकारणी वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, आणि आपण वाचतो आर्थिक वर्ष. 'आकारणी वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७' असा आदेश हातात आला की वाटतं, मार्च २०२७ पर्यंत चिंता नाही. आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६. तो आदेश ३१ मार्च २०२६ ला संपतो. २०२१ च्या फेरीत ज्यांना पाच वर्षं मिळाली, त्या सगळ्या संस्था, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या जुन्या-जाणत्या संस्थांपैकी बहुतेक, याच तारखेला बांधलेल्या. त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायला हवा होता. म्हणून १ एप्रिल २०२६ नंतरच्या देणगीसाठी जुन्या आदेशावर जाऊ नका. नवा निघाला का, ते विचारा. हा प्रश्न आत्ता सगळ्यात जास्त विचारला जायला हवा. बरेच कार्यकर्ते मनापासून 'आहे' म्हणतात, कारण गेल्या वर्षी होतं.

याच तारखेला आणखी एक बदल. १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याची लागू तारीख. त्यात ८०जीची जागा कलम १३३ घेतं आणि आकारणी वर्षाऐवजी 'करवर्ष' येतं, म्हणजे वरचा गोंधळ पुढेमागे तरी मिटेल. या लेखात मी १९६१ च्या कायद्याचेच क्रमांक वापरतोय, कारण हातात पडणारे आदेश त्याच क्रमांकांचे आहेत. आणि बोलण्यातलं 'एटीजी' इतक्यात जाईल असं मला वाटत नाही.

आदेश हातात आला तरी एकदा सरकारी यादीत ताडून बघावा. पीडीएफवर तारीख बदलणं आता लहान मुलालाही जमतं, शिवाय दिलेली मान्यता मागाहून रद्दही होऊ शकते. आयकर विभागाच्या इन्कमटॅक्सइंडिया या संकेतस्थळावर 'एक्झेम्प्टेड इन्स्टिट्यूशन्स' नावाची शोधयादी आहे. तिथे नावानं शोधत बसू नका, पॅन टाका. नावानं शोधलं की आपल्याकडे हमखास हात हलवत परत यावं लागतं. नाशिकच इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. जुन्या नोंदीत एच नाही, नव्यात आहे. 'मंडळ', 'प्रबोधिनी', 'वनवासी', 'सार्वजनिक' या शब्दांची स्पेलिंगं तर ज्या कारकुनानं टंकली त्याच्या मर्जीची. पॅनला असा घोळ नाही. एका पॅनवर दोन-तीन नोंदी दिसल्या तर कलमाच्या रकान्यात ८०जी असलेली आणि तारखेनं सगळ्यात अलीकडची बघा. 'रद्द' किंवा 'मागे घेतली' असं कुठे आहे का, तेही. यादीत नोंद सापडली नाही तर आदेशातला क्रमांक आणि तारीख घेऊन संस्थेलाच विचारा. त्यांना पोर्टलवर आपलं खातं उघडून दाखवता येतं.

पैसे कसे दिले यावरही वजावट अडते. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर त्या रकमेला वजावट नाही. २०१७-१८ पासून ही मर्यादा दोन हजार आहे, आधी दहा हजार होती. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून दहा हजारच बसलेत. वस्तूंना वजावट नाहीच. आश्रमशाळेला दिलेली तांदळाची पोती, थंडीत पेठ-सुरगाण्याकडे पाठवलेली ब्लँकेटं, रुग्णालयाला दिलेली औषधं, हे सगळं मोलाचं, पण ८०जीत बसत नाही. वजावट हवी असेल तर पैसे संस्थेच्या खात्यात टाका आणि ब्लँकेटं त्यांना घेऊ द्या. स्कॅन करताना क्यूआरवर कुणाचं नाव येतंय ते वाचा. संस्थेचं नाव न येता कार्यकर्त्याचं आलं तर तिथेच थांबा, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. एखाद्या आजारी मुलासाठी ऑनलाइन मदत गोळा होते, तेव्हा पैसे थेट कुटुंबाच्या खात्यात जात असतील तर तीही ८०जीची देणगी होत नाही. आणि मुलाच्या शाळाप्रवेशासाठी दिलेली 'देणगी' ही देणगीच नव्हे. तिच्या बदल्यात काहीतरी मिळालेलं असतं.

एका घरात दोन पॅन असतात, हेही लक्षात ठेवा. आईच्या स्मरणार्थ देणगी, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, पावती बायकोच्या नावे, असं प्रेमानं केलं जातं आणि मग दोघांनाही ते रिटर्नमध्ये घालता येत नाही. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, पॅनही त्याचाच द्या. 'कै. आईंच्या स्मरणार्थ' ही ओळ पावतीच्या तपशिलात हवी तेवढी लिहून घ्या.

एवढं झालं तरी काम अर्धंच झालं. पूर्वी पावती फाइलला लावली की संपत असे. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही. संस्थेनं वर्षभरातल्या सगळ्या देणगीदारांची यादी, पॅन आणि रकमेसह, १०बीडी या फॉर्ममध्ये खात्याला कळवायची, आणि त्यातून प्रत्येक देणगीदाराच्या नावे निघणारं १०बीई हे प्रमाणपत्र त्याला द्यायचं. दोन्हीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३१ मे. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, आणि भरलाच नाही तर दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १०बीईवर एक पोचक्रमांक असतो, ज्याला सगळे एआरएन म्हणतात. रिटर्नच्या ८०जीच्या तक्त्यात, पन्नास टक्के आणि मर्यादेसह या भागात, तो भरावा लागतो. यादीत तुमचं नाव नसेल तर खात्याच्या दृष्टीनं तुम्ही ती देणगी दिलेलीच नाही.

छोट्या संस्था इथे चुकतात, आणि वाईट हेतूनं नव्हे. बहुतेक ठिकाणी खजिनदार म्हणजे निवृत्त शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेले कुणीतरी, पावत्या हातानं फाडलेल्या, पॅन घ्यायचा राहिलेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सीए म्हणतो यादी द्या, आणि मग दोनशे लोकांना फोन. पॅन घेतानाही शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची गल्लत होते. म्हणून देणगी देतानाच पॅन कार्डाचा फोटो पाठवा आणि नाव कार्डावर आहे तसंच लिहून द्या. पावतीवर रोख, चेक की ऑनलाइन, हे बरोबर लिहिलंय का बघा; ११,००० ची ऑनलाइन देणगी यादीत चुकून 'रोख' म्हणून गेली तर वजावट उडते. ३१ मार्चला दिलेला चेक पावतीपुस्तकात एप्रिलच्या तारखेला चढतो आणि देणगी पुढच्या वर्षात जाते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत दिलेलं बरं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात १०बीई आलं नसेल तर फोन करा. आलं असेल तर पॅन, रक्कम, आर्थिक वर्ष आणि पैसे देण्याचा प्रकार, एवढं तरी वाचा. चूक असेल तर संस्थेला दुरुस्तीचं १०बीडी भरता येतं आणि नवं प्रमाणपत्र निघतं. हे जूनमध्ये शांतपणे होतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्नच्या मुदतीला, कुणी फोन उचलत नाही. नोकरी करणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज: ऑफिसात पावती दिली म्हणजे फॉर्म १६ मध्ये येईल. खासगी संस्थांच्या देणग्या सहसा कंपनी धरत नाही. त्या स्वतःच रिटर्नमध्ये दाखवायच्या.

देवस्थानांबद्दल नाशकात वेगळं बोलावंच लागतं. देवळाच्या दानपेटीत घातलेल्या पैशाला पावती नाही, त्यामुळे वजावटही नाही. मुख्य काम धार्मिक असेल तर ८०जी मिळत नाही. मान्यता असलेली संस्थासुद्धा आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करू शकते. एकाच जातीच्या किंवा धर्मसमुदायाच्या हितासाठी काढलेली संस्थाही बसत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना यातून वगळलंय. एक अपवाद देवळांसाठी आहे. केंद्र सरकारनं राजपत्रात ऐतिहासिक, पुरातत्त्वीय, कलात्मक महत्त्वाचं किंवा राज्यभर ख्यात असलेलं प्रार्थनास्थळ म्हणून जाहीर केलं असेल, तर त्याच्या जीर्णोद्धाराला, डागडुजीला दिलेल्या देणगीवर निम्मी वजावट मिळते. अयोध्येच्या श्रीराम जन्मभूमी तीर्थक्षेत्र न्यासाला मे २०२० मध्ये याच तरतुदीखाली अधिसूचित केलं. देऊळ कितीही प्रसिद्ध असो, अधिसूचनेचा क्रमांक विचारा. प्रसिद्धी म्हणजे अधिसूचना नव्हे, आणि जीर्णोद्धारासाठीची देणगी अन्नदानाच्या पावतीवर घेतली तर तीही चालत नाही.

हे आत्ता सांगायचं कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. पंचवटी-तपोवनापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत अन्नछत्रं उभी राहतील, पावतीपुस्तकं निघतील, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर फिरतील. त्यातली पुष्कळ खरी असतील. भंडाऱ्यात तुपाचे डबे द्यायचे असतील तर खुशाल द्या, फक्त त्याला ८०जीची अपेक्षा जोडू नका. पैसे देऊन वजावट हवी असेल तर अन्नछत्राच्या नावामागे कोणता न्यास आहे, त्याचा पॅन काय, त्याच्या आदेशात सहाव्या आणि आठव्या ओळीत काय लिहिलंय, एवढं बघा. मेळ्यापुरत्या निघालेल्या समितीकडे हे कागद असणं अवघड.

एक प्रकार मात्र सरळ नाकारावा. 'एक लाखाचा चेक द्या, पाच टक्के ठेवून बाकी रोख परत, वर १०बीई' असं कुणी सुचवत असेल तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करून घेतोय. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभर खोट्या वजावटींची पडताळणी मोहीम काढली, आणि ८०जीसुद्धा त्यात होतं. उत्पन्न मुद्दाम चुकीचं दाखवल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसतो. पैशांपेक्षा मला यात दुसरंच खुपतं. अशा एकेका व्यवहारामुळे खऱ्या संस्थेच्या खजिनदाराकडेही लोक संशयानं बघायला लागतात.

आणि तपासल्यावर कळलं की संस्थेला ८०जी नाहीच, तर? मग आधीच्या हिशेबाकडे परत जा. ११,००० वर वाचणार होते १,७१६. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबक तालुक्यांतल्या वाड्यांवर मुलांची अभ्यासिका, गरोदर बायकांसाठी रात्रीची गाडी, पाण्याची छोटी योजना असं काम करणारे कितीतरी गट इतके लहान आहेत की त्यांना आदेश काढणं परवडत नाही. त्यांचं काम डोळ्यांनी बघितलंय, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक वाचलंय, ते पटलंय, तर द्या. ८०जी हा कामाचा दाखला नव्हे. ती नसलेल्या चांगल्या संस्था आहेत आणि ती असलेल्या निष्क्रिय संस्थाही आहेत. फक्त ती देणगी रिटर्नमध्ये दाखवू नका, आणि त्या कार्यकर्त्याला एकदा सांगा की ८०जीच्या अर्जाचा १०ए हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्याला सरकारी शुल्क नाही, न्यासपत्र, नोंदणीचा दाखला, पॅन आणि हिशेब एवढ्यावर तो भरता येतो. काम आधीच सुरू असेल तर मात्र १०एबी भरून थेट नियमित मान्यता मागावी लागते आणि पुण्याहून प्रश्न येतात, त्यांना मुदतीत उत्तरं द्यावी लागतात. नाशकात सीएंची कमी नाही. तुमच्या ओळखीतला एखादा त्यांच्यासाठी हे फुकट करून देईल का, हे विचारून बघा. ११,००० च्या देणगीपेक्षा ही मदत त्या संस्थेला जास्त वर्षं पुरेल.